वाटेवर वाळत घातलेले दाणे

लेकीला बरोबर न्यावं की वारुळातच ठेवावं, या काळजीनं मुंगीचा डोळा लागला नव्हता. मुलांनो, ही मुंगी ज्या जंगलात राहत असे, तिथं सिंहालाही निवडून यावं लागे. वडाखाली हत्तीनं एक पान टाकायचं, मुंगीनंही एकच. ज्याची रास मोठी, तो राजा. यंदा निवडून आल्यावर मात्र सिंहानं कुणालाही न विचारता फर्मान काढलं, "मुंग्यांनी पिकवलेले दाणे यापुढे कोल्ह्याच्या बिळात ठेवावेत." त्या बिळात ओल होती. ओलीत दाणा कुजतो, हे मुंग्यांच्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. म्हणून मुंग्यांनी ठरवलं होतं, सकाळ झाली की सगळ्यांनी सिंहाच्या दारात जाऊन बसायचं.

शेवटी मुंगीनं लेकीला बरोबर घेतलंच. घरी ठेवली तरी काळजी, नेली तरी काळजी. निदान डोळ्यांसमोर तरी राहील. सगळ्या मुंग्या सिंहाच्या गुहेसमोर वाटेवरच बसल्या आणि आपले दाणे तिथंच उन्हात वाळत घातले.

कोल्हा आला. "तुमचा पुढारी कोण? त्याच्याशीच बोलतो."

"पुढारी नाही. आम्ही एकमेकींना विचारतो," मुंगी म्हणाली. खरंच, प्रत्येक मुंगी दुसरीच्या डोक्याला डोकं लावून विचारत होती.

"असं विचारत बसलात तर संध्याकाळ होईल."

"होऊ दे की. दाणेही वाळायचेत अजून."

संध्याकाळी सगळ्यांचं उत्तर एकच निघालं : दाणे आमच्या वारुळातच राहतील. तोवर हरणं, ससे, हत्तीही जमले होते. सिंह गुहेबाहेर आला. "मला निवडलंत ना? मग आता राज्य करू द्या."

दुसरं कुणीतरी बोलेल, असं मुंगीला फार वाटत होतं. पण सिंह नेमका तिच्याकडेच बघत होता. ती म्हणाली, "महाराज, आम्ही तुम्हाला पान दिलं, आमचं तोंड नाही. ज्यांचे दाणे, त्यांना आधी विचारा."

"आणि तुम्हाला तुडवून गेलो तर?"

"जाल. आम्ही लहान आहोत. पण वडाखाली पानं टाकणारे हे सगळे बघताहेत."

सिंहानं हरणांकडे पाहिलं, हत्तीकडे पाहिलं आणि उचललेला पंजा मागे घेतला. मग फर्मानही मागे घेतलं.

परतताना लेकीनं विचारलं, "आई, राजा पुन्हा विचारायला विसरला तर?"

"तर पुन्हा यायचं."

"मग मी वाट लक्षात ठेवते," लेक म्हणाली.

तात्पर्य : राजा निवडला म्हणून आपलं काम संपत नाही, तो विचारायचं विसरला, तर सगळ्यांनी मिळून त्याच्या दारात बसावं लागतं.