मंडपातली होडी

फार फार जुनी गोष्ट. नदीच्या वळणावर एक गाव होतं. लोक पायीच नदी ओलांडत, तिची भीती कुणाला नव्हती. पण पुढे ऋतूच फिरले. उन्हाळे लांबले आणि चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत कोसळू लागला. राजाचे जाणते म्हणाले, "नद्या आता पूर्वीसारख्या राहायच्या नाहीत."

राजानं काठावरच्या गावोगावी एकेक होडी धाडली. हुकूम दिला, "होडी सज्ज ठेवा." वल्हवायला शिकवणारा मात्र कुणी धाडला नाही.

या गावाचा पाटील रायाजी. गावाची रीत अशी, की राजाकडून आलेली वस्तू देवासारखी मानायची. रायाजीनं होडी वाजतगाजत आणली, हळदकुंकू वाहिलं आणि तिच्याभोवती दगडी मंडप बांधला. गुरं शिरू नयेत म्हणून दार ठेवलं चिंचोळं. आता काय म्हणावं या शहाणपणाला!

त्याची एकुलती लेक सगुणा खालच्या आळीत दिलेली. ती म्हणाली, "बाबा, होडी आमच्या आळीपाशी पाण्यात बांधा. चार जणांना वल्हं धरायला शिकू दे."

"अगं, राजाची वस्तू चिखलात? रोज पुसतो, तेल लावतो. आणखी कसली सज्जता हवी?"

"आणि पाणी आलं तर?"

"येईल तेव्हा बघू."

आणि पाणी आलं. भरदुपारी खालची आळी बुडाली. सगुणा छपरावर चढली, तिथून ओरडली, "बाबा, होडी आणा!"

रायाजी धावला. होडी दारातून निघेना. पहारी आणल्या, भिंत फोडली, होडी कशीबशी पाण्यात लोटली. चार धट्टेकट्टे गडी आत बसले. पण वल्हं कधी कुणी हातात धरलंय? होडी जागच्या जागीच गरगरत राहिली. रायाजी काठावरून बघत होता. बघता बघता छप्पर गेलं. हाकही थांबली.

राजाला कळलं तेव्हा तो हळहळला. म्हणाला, "पण होडी तर पोचली होती ना?"

रायाजीनं मंडप पुन्हा बांधला नाही. म्हातारपणी तो वल्हवायला शिकला. रोज होडी खालच्या आळीपर्यंत नेई, आणि रिकामी परत आणी. कुणी विचारलं, तर म्हणे, "एवढंच तर अंतर होतं रे."

तात्पर्य: हुकूम कितीही शहाणा असो, तो पाळणारे हात आधी तयार केले नाहीत, तर तो कुणालाच तारत नाही.