पुलाखाली कोण उभं राहणार?

“पुलावर पाय ठेवायचा नाही, दगडाला हात लावायचा नाही! इथूनच सांगायचं, हा नवा पूल माझा हत्ती पेलेल की नाही? चुकलात तर चालू लागा!”

वज्रसेन राजा गरजला आणि नदीकाठी उभ्या असलेल्या पोरांच्या तोंडचं पाणी पळालं.

राजाच्या यंत्रशाळेत शिकायचं तर ही मुलाखत द्यावी लागे, तीही जन्मात एकदाच. यंदा जागा एकच होती. मुलाखतीची तयारी करून घेत राजाचे स्थपती धुंडिराजशास्त्री. तयारी कसली डोंबलाची! चार वाक्यं घोकायची आणि दर वाक्याला मान तुकवायची. कासाराच्या येसूने एकदा विचारलं, “गुरुजी, पण पूल उभा कसा राहतो?” शास्त्रीबुवा खेकसले, “नसत्या चौकशा! चालती हो! तुला शाळेत कोण घेतो तेच बघतो!”

आज तेच शास्त्रीबुवा राजाशेजारी मिशा पिळत उभे होते. समोरचा पूलही त्यांनीच बांधलेला.

पहिला पोरगा पुढे आला. “लहानपणापासून मला यंत्रांचं वेड आहे, महाराज! पूल पेलेलच! गुरुजींनी बांधलाय!”

दुसऱ्यानेही तेच म्हटलं. तिसऱ्याने तर मान आधी तुकवली आणि वाक्य विसरला.

“पोपट नुसते!” राजा वैतागला. “पिंजरे घरीच विसरलात काय रे? तू बोल गं, पोरी!”

येसू पुढे आली. आज हुकलं की जन्मभर लोकांच्या हातात बांगड्या भरायच्या!

“महाराज, पहिला हत्ती जाताना पूल बांधणाऱ्याने खाली उभं राहायचं, ही आपल्या राज्याची रीत ना? मग हत्ती बोलवा आणि शास्त्रीबुवांना खाली धाडा.”

राजाने माहुताला खूण केली. हत्ती झुलत निघाला. शास्त्रीबुवांच्या मिशा खाली आल्या.

“आज? आज अमावास्या आहे, महाराज! शिवाय माझा गुडघा... आणि पाणी केवढं गार!”

“घोटाभर तर पाणी आहे, बुवा,” येसू म्हणाली. “उतरा की!”

हत्ती पुलाशी पोचला तसे शास्त्रीबुवा मटकन खाली बसले. “निदान हत्ती तरी लहान घ्या हो!”

“थांबवा हत्ती!” येसू ओरडली. “मिळालं उत्तर, महाराज! ना पाय ठेवला, ना हात लावला. ज्याने बांधला त्यालाच भरवसा नाही. पूल पेलणार नाही!”

“खरं काय ते बोला, शास्त्रीबुवा!” राजाने दरडावलं.

“चुना... जरा कमी पडला, महाराज.”

राजा इतका हसला, इतका हसला की पागोटं घरंगळून नदीत गेलं!

“पोरी, जागा तुझी! उद्यापासून ये. आणि शास्त्रीबुवा, तुम्ही पूल पुन्हा बांधा. तो पुरा झाला, की तुमचं बिऱ्हाड त्याच्याच खाली! वरून माझे हत्ती रोज जातील!”