दुसऱ्या खाचेतलं कार्ड

“मास्तर, तोच फोटो दोनदा कशाला साठवायचा?”

तासगावच्या आपल्या स्टुडिओत शेडबाळे मास्तर नवा कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते. त्याला मेमरी कार्डाच्या दोन खाचा होत्या. पहिलं कार्ड भरलं की पुढचे फोटो दुसऱ्यात जावेत, असं सेटिंग त्यांच्या शिष्याने, विश्वजितने करून ठेवलं होतं. मास्तरांना ते पसंत नव्हतं.

“प्रत्येक फोटो दोन्हीत जाऊ दे.”

“म्हणजे निम्मी जागा फुकट! आणि माझ्या कार्डानं आजवर कधी दगा दिलेला नाही.”

“माझ्या हातानंही दिला नव्हता...”

विश्वजितने त्यांच्या मांडीवरचा कॅमेरा घेतला.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून मास्तरांचा उजवा हात थरथर कापायचा. लग्नं, मुंजी, बारशी, सगळं आता विश्वजितच निभवायचा. उजेड कुठून घ्यावा, नवरीच्या आईकडे कधी वळावं, रडणाऱ्या माणसासमोर कॅमेरा कधी खाली करावा... मास्तरांची सारी विद्या त्याच्या बोटांत उतरली होती. गड्याला तिचा तोराही भारी. पण मास्तरांवर त्याचा जीव होता, हेही तितकंच खरं. कोल्हापूरच्या एका मोठ्या स्टुडिओने त्याला बोलावलं होतं आणि आज तिकडे नकार कळवायचा, असं तो ठरवून आला होता.

“कोल्हापूरला मी जात नाही,” सेटिंग उघडता उघडता तो म्हणाला. “माझ्याशिवाय इथलं पान तरी हलेल का?”

“नाही हलायचं.” मास्तर हसले. “आधी हातातलं काम कर.”

त्याने केलं. मग कॅमेरा उचलून मास्तरांचाच एक फोटो काढला. पहिलं कार्ड पाहिलं, दुसरं पाहिलं. दोन्हीकडे तेच पिकलेले केस आणि तेच हसू.

“झालं! आता तुम्ही काही हरवत नाही.”

“दोन्ही कार्डं कुठं आहेत?”

“कुठं म्हणजे? कॅमेऱ्यात.”

“आणि कॅमेराच नदीत पडला तर?”

मास्तरांनी कॅमेरा मागून घेतला. कापऱ्या बोटांनी बाजूचं झाकण उघडू लागले. ते काही लवकर उघडेना. विश्वजित मदतीला वाकला, तर त्यांनी डाव्या हाताने त्याला हलकेच दूर सारलं. अखेर झाकण उघडलं. त्यांनी एक कार्ड काढलं, विश्वजितच्या तळहातावर ठेवलं आणि आपल्या दोन्ही हातांनी त्याची मूठ मिटली. बराच वेळ त्यांनी ती सोडली नाही.

विश्वजितचे डोळे भरून आले. सगळा तोरा कुठल्या कुठे गेला.

“मास्तर... हे ठेवू तरी कुठं?”

“कोल्हापुरात.”