विणकरीण मावशी आणि बिथरलेली पेशी

फार फार जुनी गोष्ट. रानाच्या कडेला एक पांढरी शेळी राहायची, आणि तिच्या कासेत, डोळ्यांना कधीच न दिसणारी, पेशींची एक वस्ती होती. दूध तयार करायचं, हे तिथलं काम. बाहेर दोन करडं त्या दुधावर जगत होती.

वस्तीतल्या पेशी एका मऊ जाळीवर बसत. ती जाळी एक म्हातारी पेशी विणायची. सगळ्या तिला विणकरीण मावशी म्हणत. पायाखालची जाळी जशी, तसं पेशीचं वागणं. पण हे मावशीलाही ठाऊक नव्हतं. जखम झाली की धागे आवळायचे, एवढंच तिला आयुष्यभर माहीत.

एके दिवशी एक पेशी बिथरली. दूध करायचं सोडून ती नुसती वाढू लागली, शेजारणींना ढकलू लागली. कर्करोग सुरू होतो तो असाच.

"मावशी, आवळा हिला! ही सुटली तर शेळी जाईल!" शेजारणी ओरडल्या.

मावशी घाबरली. जखमेभोवती घालावी तशी तिने पेशीभोवती जाळी घातली. धाग्यावर धागा, अगदी ताठ.

पेशी आणखीच उधळली. त्या ताणलेल्या धाग्यांना धरून ती थेट वस्तीच्या वेशीपर्यंत पोचली.

"छान हो मावशी! पळायला दोर बांधून दिलेत की!" एक शेजारीण म्हणाली.

मावशीला ते फार लागलं. ती पेशीजवळ गेली. "अगं पोरी, एवढी पळतेस कशाला?"

"मग बसू कुठे, मावशी? पायाखाली नुसता दगड लागतोय."

मावशीने स्वतः पाय टेकवून पाहिला. खरंच टोचत होतं. ती खाली बसली आणि आपणच मारलेली एकेक गाठ सोडवू लागली.

"म्हातारीला चळ लागलाय," शेजारणी कुजबुजल्या. मावशीचे हात थांबले नाहीत.

कित्येक दिवसांनी जाळी मऊ झाली, तशी पेशीची धाव मंदावली. मग ती वेशीच्या आतच बसली. तिच्या आतला बिघाड काही गेला नाही. पण ती पुन्हा वाढली नाही, की जागा सोडून गेली नाही. शेळी वाचली. करडं मोठी होऊन चरायला लागली. मावशी मात्र रोज त्या पेशीपाशी येई, धाग्याला बोट लावून बघे आणि विचारी, "टोचत नाही ना गं?"

बिथरलेल्याला आवळण्याआधी, त्याच्या पायाखाली आपण काय विणून ठेवलं आहे ते पाहावं.