मिचमी आत्याची कुर्रर्र सायकल

एक होती चिचुंद्री. तिचं नाव मिचमी. एवढुश्शी! डोळे बारीक, नाक लांब, आणि बसायला लाल सायकल.

आज मिचमीच्या दादाच्या बाळाचं बारसं होतं. दादाचं बीळ डोंगराच्या टोकावर, करवंदाच्या जाळीखाली. मिचमी बाळाची आत्या. आत्याच नाही आली, तर बाळाच्या कानात कुर्रर्र कोण करणार? नाव कोण सांगणार? कुणीच नाही!

मिचमीने नाव ठेवलं पोटात. साखरेची पुडी ठेवली टोपलीत. आणि निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

चढ आला. चाक जरासं वर गेलं... आणि सुर्रर्र! घसरलं खाली. पुन्हा चढली. पुन्हा सुर्रर्र! धप्प! पुडी फुटली. साखर सांडली!

"अगंबाई, माझी साखर!" मिचमीला रडूच आलं. साखर गेली ती गेली. पण आता वर कसं जायचं?

जवळच खेकडेमामांचं सायकलचं दुकान होतं. मामांनी चाक फिरवून पाहिलं.

"हे टायर? शेवईसारखे बारीक, वर गुळगुळीत! घसरणार नाही तर काय!"

मामांनी नवा टायर काढला. रुंद होता, पण गुळगुळीत.

"नको बाई, घसरेल."

दुसरा काढला. खडबडीत होता, पण बारीक.

"नको बाई, रुतेल."

तिसरा काढला. चांगला रुंद! आणि वर कारल्यासारखा खडबडीत! मिचमीने हात फिरवला. खर खर खर.

"हाच! मामा, हाच हवा!"

मामांनी नांग्यांनी दोन्ही चाकांवर तसेच टायर चढवले. खट् खट्! पण टायर अगदी चपटे.

"आता हवा हवी," मामा म्हणाले. "माझ्याकडे कुठला पंप? बेडूकदादा फुगतील, तर टायर भरेल."

मिचमी गेली टुणुक टुणुक.

"बेडूकदादा, बेडूकदादा, फुगा ना!
टायर भरेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

"डराँव! कसा फुगू? अंग सुकलंय. माझ्या डबक्यात म्हैस बसलीय. म्हैस उठेल, तर मी फुगेन."

मिचमी गेली टुणुक टुणुक.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ ना!
बेडूक फुगेना,
टायर भरेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

"हम्मां! कशी उठू? पाठीवर बगळेबुवा उभे आहेत. पडतील बिचारे! बगळा उडेल, तर मी उठेन."

मिचमीने मान वर केली. वर, वर, आणखी वर.

"बगळेबुवा, बगळेबुवा, उडा ना!
म्हैस उठेना,
बेडूक फुगेना,
टायर भरेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

"कसा उडू? माझ्या पायाला मुंग्या आल्यात. मुंग्या जातील, तर मी उडेन."

मिचमीने डोळे मिचमिच केले. मुंगी तर एकही दिसेना! असतील बाई बारीक. ती गेली मुंग्यांच्या वारुळाशी. टुणुक टुणुक.

"मुंग्यांनो, मुंग्यांनो, पायावरून उतरा ना!
बगळा उडेना,
म्हैस उठेना,
बेडूक फुगेना,
टायर भरेना,
आत्या पोचेना,
बाळाला नाव मिळेना!"

"पायावरून? आम्ही तर बगळ्याच्या पायावर चढलोच नाही!" मुंग्या हसल्या. खी खी खी! "अगं वेडाबाई, एका पायावर फार वेळ उभं राहिलं, की पायात टुचटुच होतं. त्यालाच म्हणतात मुंग्या आल्या!"

"अय्या! मग आता मी काय करू?" मिचमीचं नाक लाल झालं.

तेवढ्यात एक मुंगी म्हणाली, "पायथ्याशी सांडलेली साखर तुझीच ना? आम्ही खाल्ली. काय गोड होती! रडू नकोस. आम्ही येतो."

निघाली मुंग्यांची रांग. म्हशीच्या शेपटीवरून पाठीवर. पाठीवरून बगळ्याच्या पायावर. गुदुगुदु, गुदुगुदु!

"अरे अरे! आता तर खरंच मुंग्या आल्या!"

फडफड! बगळा उडाला.
हुश्श! म्हैस उठली.
डुबुक! बेडूक भिजला, टम्म फुगला.
फूऽऽ! टायर भरला.
आणि आत्या निघाली!

चढ आला. मिचमीने हँडल घट्ट धरलं. आता सुर्रर्र होणार का? छे! खडबडीत टायरने माती घट्ट धरली. कुर्रर्र! कुर्रर्र! कुर्रर्र! वर, वर, आणखी वर. आत्या पोचली!

"आली बाई आत्या! पण साखर कुठंय?" दादाने विचारलं.

"मुंग्यांनी खाल्ली. म्हणून तर आले!"

बाळ पाळण्यात जागंच होतं. मिचमी वाकली. बाळाच्या कानाशी लांब नाक नेलं.

"कुर्रर्र! तुझं नाव टुणू!"

सगळ्यांनी आत्याच्या पाठीत गमतीने धपाटे घातले. धप धप धप! बारशाला घालतातच. बाळ खुदकन हसलं. बाळाला नाव मिळालं!

आणि आता तुझा कान कुठे आहे? आण बघू इकडे.

कुर्रर्र!