घरचे माणूस शेवटी

एकदा एका वैद्याच्या दारात दुसरा वैद्य बैलगाडीतून उतरला. आलेला वृद्ध होता, गुरू होता. ज्याच्या दारात तो उतरला तो तरुण त्याचाच शिष्य, आणि पंचक्रोशीत आता गुरूपेक्षाही अधिक नाव झालेला. त्याचे नाव त्र्यंबक. वैद्याला वैद्याची गरज पडली की लोकांना जरा गंमत वाटते. पण त्र्यंबकाने निरोप धाडला होता तो आपल्या आईसाठी.

नाडीपरीक्षेत त्र्यंबकाचा हातखंडा होता. दिवस उजाडतो न उजाडतो तोच त्याचे अंगण भरून जाई आणि दिवे लागेपर्यंत ते रिकामे होत नसे. तो कोणालाही परत पाठवत नसे. ताट वाढलेले राही, भात गार होई, डोळे चुरचुरत, तरी हा पुढच्या माणसाचा हात हातात घेई. लोक म्हणत, "काय हो ही सेवा!" आणि चार लोक असे म्हणू लागले, म्हणजे कोणताही माणूस जेवणसुद्धा आनंदाने विसरतो. त्र्यंबकही विसरत असे.

त्या घराची एक रीत होती, आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली. बाहेरचा रुग्ण आधी तपासायचा, घरचे माणूस सगळ्यांत शेवटी. रीत वाईट नव्हती, तिच्यामागे मोठे मन होते. त्र्यंबकाची आई सून होऊन या घरात आली तेव्हापासून तिने ही रीत अभिमानाने पाळली होती.

गेले काही महिने तिला विहिरीवरून घरात येईतो दम लागत असे. संध्याकाळी शेवटचा रुग्ण गेला की ती ओसरीच्या कडेला येऊन बसे. त्र्यंबक तिच्या मनगटावर तीन बोटे टेकवी, पेंगुळलेले डोळे क्षणभर मिटी आणि म्हणे, "काही नाही गं आई, वाताचं आहे. सुंठ घे मधातून." आई लगेच हात काढून घेई. "होय रे, वयच झालं माझं. तू आधी दोन घास खाऊन घे." अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या. मग एके दिवशी ती भिंतीला धरून मटकन खाली बसली. पाय सुजले होते, ओठ निळसर पडले होते. त्र्यंबकाने घाईघाईने नाडी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि दर वेळी ती त्याला निराळेच काही सांगू लागली. तेव्हा त्याचा धीर सुटला आणि त्याने गुरूंकडे माणूस पाठवला.

गुरू पोहोचले तेव्हा उन्हे कलली होती. त्यांनी हातपाय धुतले, आईच्या पाठीशी लोड लावून तिला उठवून बसवले आणि श्वास मोकळा व्हावा म्हणून एक मात्रा उगाळून चाटवली. हळूहळू तिची धाप कमी झाली. त्र्यंबकाने आईचा हात पुढे केला. "गुरुजी, आता नाडी बघा."

"आज नको," गुरू म्हणाले. "उद्या सकाळी."

मग ते अंगणात गेले आणि ताटकळत बसलेल्या लोकांना हात जोडून म्हणाले, "ज्याला अगदीच धीर धरवत नाही त्यानं पुढे यावं. बाकीच्यांनी उद्या या." एका बाईच्या हातावर तापलेले तेल उडाले होते, तिला त्यांनी लेप लावून दिला. बाकीचे कुरकुरत उठले. आत येऊन ते शिष्याला म्हणाले, "जेव आणि झोप."

त्र्यंबकाचा संयम संपला. "आई अशी पडलीय आणि मी झोपू? एवढ्या लांबून आपल्याला बोलावलं ते नाडी बघण्यासाठी, आणि आपण उद्यावर टाकता?"

"तिचा डोळा लागलाय. तिच्याजवळ मी बसतो. तू झोप."

गुरूंपुढे बोलण्याची सोय नव्हती. त्र्यंबक रागातच आडवा झाला, आणि पाठ टेकताच त्याला अशी झोप लागली की कूस बदलल्याचेही त्याला कळले नाही.

पहाटे गुरूंनी त्याला हाक मारली. "तोंड धू आणि आईजवळ बस. नाडी तूच बघ."

"मी? मला कळली असती तर..."

"बघ तर खरं."

घर शांत होते. त्र्यंबकाने आईचे मनगट हातात घेतले, आणि बोटे टेकताच त्याला सगळे कळले. नाडी क्षीण होती, मध्येच चुकत होती, पुन्हा धडपडत पुढे जात होती. हृदय थकले होते, आणि हा थकवा काल-परवाचा नव्हता. नवशिक्यालाही कळावे इतके ते स्पष्ट होते. तो बाहेर येऊन पायरीवर बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडला.

"गुरुजी, रोज याच मनगटाला हात लावत होतो मी. मला का नाही कळलं?"

गुरू त्याच्या शेजारी बसले. "बाबा रे, तुझी विद्या कुठे गेली नव्हती. पाय थकले की दुखतात, म्हणून माणूस थांबतो. लक्ष थकलं तर ते दुखत नाही. बोटं टेकत राहतात, तोंडातून रोजचं वाक्य निघतं आणि आपल्याला वाटतं, आपण तपासतो आहोत. काल उन्हातून हादरे खात आलो तेव्हा माझ्या बोटांवर माझाच भरवसा नव्हता, म्हणून मी थांबलो. तू दिवसभरात कुठे थांबलाच नाहीस. सकाळी आलेल्याला त्र्यंबक वैद्य भेटला. सांजेला आलेल्याला त्याचं उरलंसुरलं मिळालं. आणि सगळ्यांत शेवटी कोणाला बसवलं होतंस, ते मी सांगायला नको."

त्र्यंबकाने डोळे पुसले. मग त्र्यंबकाने विचारले, "आता उपाय?"

"त्रास हलका करता येईल. गेलेले महिने परत आणायचं औषध माझ्याकडे नाही."

एवढ्यात अंगणात माणसे जमू लागली. त्यांची चाहूल लागून आतून आईची हाक आली, "त्र्यंबका, लोक आलेत बघ. तू जा रे. माझं काय, मी बसेन शेवटी."

त्र्यंबक उठला. त्याने लोकांना थोडे थांबायला सांगितले आणि आत येऊन आईजवळ बसला. तिला ते पटले नाही. ती पुन्हापुन्हा दाराकडे पाहत होती आणि आपला हात त्याच्या हातातून सोडवू पाहत होती. उभा जन्म शेवटी बसलेल्या त्या बाईला आधी कसे बसायचे ते ठाऊक नव्हते, आणि ते शिकायला आता तिच्याजवळ फारसे दिवसही उरले नव्हते.