रणधीरला जोड का मिळेना?

दाजीसाहेबांच्या तालमीत एक रिवाज होता. सत्तर किलोच्या गटात जो पोरगा चमकेल, त्याला त्यांच्या पुतण्याबरोबर, रणधीरबरोबर सरावाला लावायचं, आणि पोरानं रोज मुकाट पडायचं.

जत्रेच्या मैदानात दाजीसाहेबांनी माईक हातात घेतला. "आमच्या रणधीरला या गटात जोडच उरली नाही! वस्ताद, नवी पोरं तयार का होत नाहीत?"

अंतू वस्तादांनी डोकं खाजवलं. "कोडंच आहे खरं. एक करून बघूया का? महिनाभर सरावात रणधीरनं पडायचं."

रणधीर उसळला, "वा! रोज पडत राहिलो तर कुस्तीच विसरेन की मी!"

वस्ताद दाजीसाहेबांकडे वळले. "ऐकलंत? उत्तर तुमच्या घरातूनच आलं."